शेंदराची खूण

आमच्या भागातला माणूस एका चहात सोयरीक पक्की करून येतो, पण गाडी सर्व्हिसिंगला दिली की त्याला चैन पडत नाही. मी हे गमतीनं म्हणत नाही. वाशीमला एका मोटारींच्या शोरूममध्ये, सर्व्हिसच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली. माणसं तिथं जशी माझ्याकडे बघायची ना, तसं पोलीस चोराकडेही बघत नसतील.

माझ्या हुद्द्याचं नाव होतं सर्व्हिस ॲडवायझर. नाव मोठं, काम असं. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासोबत गाडीभोवती फिरायचं, कुठं पोचा आहे, कुठं ओरखडा आहे ते दोघांच्या साक्षीनं लिहून घ्यायचं, नाही तर संध्याकाळी तोच पोचा आमच्या नावावर. मग गाडीची तक्रार ऐकायची, आतल्या मेकॅनिकला समजावून सांगायची आणि दिवस कलला की बिल घेऊन गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उभं राहायचं. गाडीला हात दुसऱ्याचा, शिव्या मला. माझी बायको म्हणायची, "तुमी घरी आले की मी काहीच बोलत नाही. तुमचा कोटा भरलेला असते."

शिरपूरचे एक व्यापारी चटईखाली तुरीचे दाणे टाकून गाडी आणायचे. आम्ही गाडी आतून साफ करून दिली की आधी चटई उचलायचे. दाणा सापडला तर चिमटीत धरून माझ्या नाकासमोर नाचवायचे आणि परत खिशात टाकायचे. दाणा वाया जाऊ द्यायचा नाही ना! एक मास्तर बॅटरीला काळा दोरा बांधून आणत. मी विचारलं, "सर, बॅटरीले नजर लागते का?" तर म्हणाले, "नजर नाही लागत, हात लागते." आणि वर्कशॉपपुढच्या काचेच्या भिंतीला नाक लावून दिवसभर उभी राहणारी मंडळी तर विचारूच नका. डबा घेऊन यायची. आतला मेकॅनिक पाणी प्यायला गेला तरी घड्याळात बघायची.

त्यात डिझेलच्या गाडीचं तेल हा तर माझा हाडवैरी. डिझेलच्या इंजिनात नवंकोरं तेल घाला, गाडी जरा फिरवा, तेल काळं होणारच. ते काम करतं म्हणून काळं होतं. पण गिऱ्हाईक घरी जाऊन तेल मोजायची पट्टी बाहेर काढून बघायचं आणि उलट्या पावली परत. "साहेब, तुमी तेल बदललंच नाही, कायंकुट्ट हाये!" किती जणांना समजावलं! घसा बसला, पण एकालाही ते पटलं असं मला वाटत नाही.

पण खोटं कशाला बोलू? संशयाला जागा आम्हीच करून दिली होती. वरून आम्हाला सांगून येत असे की इतक्या गाड्यांचा एसी साफ करा, इतक्या इंजिनांना अमुक टॉनिक पाजा. ठणठणीत गाडीला सलाईन लावायचं आणि वर तोंड करून सांगायचं, "मायलेज वाढेल काका." मग एखाद्या गाडीचे ब्रेक खरोखर घासलेले असले आणि मी तळमळीनं म्हटलं, की काका हे मात्र बदला, तर काका असे गालात हसायचे की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार कोणत्या तोंडानं? सोन्याच्या सुईनं कान टोचले तर चालतात, आमची सुई मुळात पितळेची.

म्हणून लोक घरीच कामं करू लागले. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि पाना हातात घ्यायचा. मी त्याच्या विरोधात नाही. एअर फिल्टर काढून झटकणं, वायपर बदलणं, कूलंट बघणं, चाकातली हवा, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुणं, हे ज्याला दोन हात आहेत त्यानं घरीच करावं. जपून केलं तर तेलसुद्धा बदलता येतं. मात्र आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावचे एक वकील होते, त्यांनी रविवारी खाटेखाली घुसतात तसं गाडीखाली घुसून भलताच नट खोलला. गिअरबॉक्सचं सगळं तेल सांडवलं आणि इंजिनात, आधीचं तेल तसंच असताना, वरून नवं ओतलं. म्हणजे एक उपाशी आणि दुसऱ्याला अजीर्ण. गाडी दोरानं ओढत आमच्या दारात आली. वकीलसाहेब मला म्हणतात, "मागच्या खेपेस तुमच्याच माणसांनी नट बदलून लावले असतील." आता बोला!

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वसंताकाकांची आणि प्रल्हादची.

वसंताकाका मालेगावजवळचे बागायतदार. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, टमाटे, जे पिकेल ते वाशीमच्या बाजारात. माणूस कष्टाळू, बोलायला तिखट, आणि संशयाच्या बाबतीत तर महामेरू. विकत घेतलेल्या बियाण्याची पिशवी सुद्धा हा माणूस आधी कानाशी हलवून ऐकायचा. त्यांची गाडी वर्षभर घरच्या लिंबाखाली त्यांच्याच हातानं दुरुस्त व्हायची. वॉरंटी जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा आमच्याकडे यायची, तेही सासरी गेलेल्या लेकीला परत आणायला जावं तशा तोंडानं. "करा बावा काय कराचं ते," म्हणत चावी टेबलावर ठेवायचे आणि दुसरी चावी खिशात चाचपून बघायचे.

प्रल्हाद आमचा मेकॅनिक. शोरूम उघडलं तेव्हापासूनचा. जऊळक्याकडचा, अंगानं काटक, बोलणं कमी. गाडी वर चढवली की आधी खालून एक फेरी मारायचा, वास घ्यायचा, बोट फिरवायचा आणि मग पान्याला हात घालायचा. दिवाळीच्या आधी काकांची गाडी आली ती प्रल्हादच्याच वाट्याला. दुपारी तो हात पुसत माझ्याकडे आला.

"साहेब, मालेगाववाल्या काकाच्या गाडीचं डावं पुढचं चाक कोनीतरी खोललं होतं. आत तेलकट तेलकट हाये. थाळी साफ केली मी, पॅडबी पुसले. पन विचारा त्याहीले."

वाचकांपैकी ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरत असते. ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी दोन जाड वड्या दातांसारख्या चावतात आणि गाडी थांबते. त्या वड्या म्हणजे पॅड. थाळी आणि पॅड यांच्यात तेल गेलं तर खेळच संपला. साबणाच्या हातानं ओला पेला धरून बघा, म्हणजे कळेल.

मी काकांना विचारलं, "काका, चाक खोललं होतं का तुमी घरी?"

काकांचा चेहरा दगडासारखा. "मी? मी कायले खोलू?"

"कोन्या दुसऱ्या मेकॅनिकनं?"

"माह्या गाडीले कोनी हात लावत नाही. तुमच्याशिवाय." हे शेवटचं असं म्हणाले, की मी पुढं विचारायचं सोडून दिलं. गाडी धुऊन, पुसून दिली. काका निघून गेले.

चार-दोन दिवस गेले असतील. सकाळी काउंटर नुकतंच उघडलं होतं, गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि दारातूनच आवाज आला.

"कुठी हाये तो प्रल्हाद? चोट्टा!"

वसंताकाका. डोक्याचा रुमाल मानेवर आलेला, डोळे लाल. मागे त्यांची बायको, पदर तोंडाला लावलेला. मी धावलो. "काका, बसा आधी. झालं काय?"

"झालं काय? पोरगी वाचली, हे झालं! काल फाट्यावर ब्रेक दाबला तं गाडी सरळ थांबाची सोडून उजव्या बाजूले ओढल्या गेली. समोरून ट्रक. लेक बाजूच्या सीटवर होती साहेब! ट्रकवाल्यानं ट्रक बाजूले काटला म्हनून आज मी इथी उभा हाओ, नाहीतर तुमच्या दारात सुतक घेऊन आलो असतो!"

काकू मुळूमुळू रडायला लागल्या. गाडी बंद पडली तर शिवी मिळते, ती मी पचवत आलो. पण ब्रेक म्हणजे जीव.

"आन् आइका," काका आता सगळ्या गर्दीकडे तोंड करून सांगू लागले, "मले ठाऊकच होतं हे लोक पॅड बदलतेत. नवे काढतेत, जुने लावतेत. म्हनून गाडी आनाच्या आधल्या दिवशी मी सोता डावं चाक खोललं आन् पॅडले खूण केली. काल घरी जाऊन चाक काढून पाह्यलं, खूण गायब! आता बोला! खूण गेली म्हंजे पॅड गेले का नाही?"

"डावंच काहून खोललं?" मी कसंबसं विचारलं.

"शितावरून भाताची परीक्षा! चारी चाकं कायले खोलाले पाह्यजेत?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. तुरीचे दाणेवाले व्यापारी त्या दिवशी तिथंच होते, ते तर माना डोलावू लागले. आमचे मॅनेजर बाहेर आले. शहरातून नवीन आलेले, तरुण, इस्त्रीचे. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला बाजूला घेतलं.

मी म्हटलं, "सर, प्रल्हाद तसा नाही."

ते म्हणाले, "तसा कोणीच नसतो. सापडेपर्यंत."

आणि त्यांनी सिक्युरिटीवाल्याला बोलावलं. सगळ्यांच्या देखत, काचेच्या या बाजूला, प्रल्हादची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा पडला. गमछा पडला. लेकीची मोडकी छत्री पडली, दुरुस्तीला चालवलेली. बाकी काही नाही. मग त्याच्या कपाटाचं कुलूप उघडायला लावलं. तिथं साबण आणि एक जुनी चप्पल. मॅनेजर त्या चपलेखाली सुद्धा बघत होते! माझं डोकं असं भडकलं की हातातला पेन मी टेबलावर आपटला. प्रल्हादनं मात्र छत्री उचलली, तिच्या काड्या नीट बसवल्या आणि परत पिशवीत घातली.

"कपाटात कशाला ठेवीन तो," काका म्हणाले. "विकून बसला असंन."

मॅनेजर माझ्या कानाशी म्हणाले, "याला आज घरी पाठवा. वर कळवावं लागेल. ब्रेकचं प्रकरण आहे, कोणाचं तरी नाव जाणारच." म्हणजे प्रल्हादची नोकरी गेली, एवढं समजायला मला वेळ लागला नाही. इतकी वर्षं ज्यानं आमच्या शोरूमची अब्रू गाड्यांखाली पाठ टेकून राखली, त्याची किंमत एका खुणेएवढी.

तेव्हा प्रल्हाद पहिल्यांदा बोलला. काकांकडे बघून, अगदी गाडीची तक्रार विचारावी तशा आवाजात.

"काका, खूण कशानं केली होती?"

"कशानं म्हंजे? शेंदरानं!" काकांनी छाती पुढं काढली. "दुसरं काही लावलं तं तुमी पुसून टाकता. शेंदूर पुसाची हिंमत कोनाची व्हईन? चोर असला तरी मारुतीले भेते! टिकली नाही लावली मी, मळवटच भरला दोन्ही पॅडले. थो काय सहज पुसल्या जाते?"

"आन् शेंदूर कशात कालवला?"

"कशात म्हंजे? तेलात! मारुतीले काय पान्यात कालवून लावतेत कोनी?"

पहिल्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला, मग काचेजवळच्या दोन मेकॅनिकांच्या. व्यापारी माना डोलवायचे थांबले. मॅनेजर अजून एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघत होते.

प्रल्हाद म्हणाला, "चाक खोलू. सगळ्याहीसमोर."

गाडी आत घेतली. त्या दिवशी काचेच्या आत गिऱ्हाइकांना मनाई हा नियम कोणी पाळला नाही. प्रल्हादनं डावं चाक उतरवलं, पॅड बाहेर काढले आणि काकांच्या हातात दिले. "पाहा. मधात खाच हाये नं, तिथी नखानं कोरा."

पॅडच्या मधोमध एक बारीक खाच असते. काकांनी करंगळीचं नख त्यात घातलं, ओढलं, आणि नखाच्या टोकावर भगवा शेंदूर आला. तोच पॅड, तीच खूण. मालेगावहून येता येता ब्रेक तापला, शेंदूर ब्रेकच्या काळ्या भुकटीत मिसळून काळा पडला, तेल पॅडात मुरलं. वरचं प्रल्हादनं पुसलं, आत मुरलेलं कोण पुसणार? डावं चाक धरेना, उजवं धरी, म्हणून गाडी उजवीकडे, ट्रकच्या अंगावर.

काका नखाकडे बघत राहिले. काकू पुढं आल्या आणि भर शोरूममध्ये नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीले मारलं असतं न तुमी! माह्या देव्हाऱ्यातला शेंदूर नेऊन!" आणि मग प्रल्हादकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. प्रल्हादनं मान खाली घातली.

मला वाटलं, आता काका माफी मागतील. अहो, कुठलं काय! प्रल्हाद म्हणाला, "पॅड दोन्हीकडचे नवे टाका लागतीन," तर काकांचे डोळे लगेच बारीक.

"बगा! शेवटी आले नं मुद्द्यावर? नवेच टाका म्हनते!"

मला हसू आवरेना. प्रल्हादही जरा हसला असावा. त्यानं खोकं फोडून नवीन पॅड काकांच्या हातात दिले, त्यांच्या डोळ्यांसमोर बसवले, जुने त्यांच्याच पिशवीत टाकले. मग म्हणाला, "चालवा तुमी. मी बाजूले बसतो, तुमच्या लेकीच्या जागी." दोघं रस्त्यावर जाऊन ब्रेक दाबून आले. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ थांबली. उतरल्यावर काका बराच वेळ घुटमळले आणि शेवटी प्रल्हादला विचारलं,

"मंग खूण कशानं कराची?"

"नखाले लावतेत त्या रंगानं करा काका," प्रल्हाद म्हणाला. "आन् मांगच्या लोखंडी पत्र्यावर करा. समोर नाही."

मॅनेजरनी टाळी वाजवली. "चला, झालं गेलं गंगेला मिळालं. कामाला लागा." प्रल्हाद कामाला लागला. त्या दिवसाच्या सगळ्या गाड्या त्यानं पुऱ्या केल्या. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी आला आणि कपाटाची चावी ठेवली.

"साहेब, उद्यापासून नाही."

"अरे वेड्या, तू निर्दोष ठरला ना! सगळ्यांनी पाह्यलं."

"ठरलो," तो म्हणाला. "म्हंजे तोवर दोषी होतो. इतके वर्सं पाठ टेकली इथी साहेब, मले ठाऊकच नव्हतं."

मी खूप विनवलं. मॅनेजरनंही फोन केला म्हणतात. तो आला नाही. मालेगाव रस्त्याला त्यानं टिनाचं शेड टाकलं, एक लिफ्ट, एक हवेचं मशीन. तिथं काचेची भिंत नाही. गाडीच्या अगदी जवळ एक लाकडी स्टूल ठेवलेला असतो, गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं आणि सगळं बघायचं. काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात. आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक कोण? वसंताकाका! ते बाजारात भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं, "काहो काका, ज्याले चोट्टा म्हनलं त्याच्याचकडे?"

काका म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यात तोच एक मेकॅनिक हाये ज्याची झडती म्या माह्या डोयानं पाह्यली. काहीच निघालं नाही."

मी निवृत्त झालो. लोक मला अजून विचारतात, साहेब, शोरूमला द्यावी की घरीच करावं? मी सांगतो, हवा-पाणी, फिल्टर, वायपर घरी करा. ब्रेकला हात लावू नका. आणि बाकीसाठी असा माणूस शोधा जो तुम्हाला बसायला स्टूल देईल. हे सांगताना शोरूमची आठवण येऊन जरा वाईट वाटतं. आमच्याकडे लिफ्ट चांगली होती, यंत्रं भारी होती, स्टूल तेवढा नव्हता.

परवा माझी स्वतःची गाडी घेऊन प्रल्हादकडे गेलो. पुढच्या ब्रेकचा आवाज येत होता. त्यानं चहा मागवला, लेकीचं सांगितलं, ती आता वाशीमला कॉलेजात आहे. मी स्टुलावर बसलो. त्यानं चाक उतरवलं आणि मग फळीवरून एक बाटली काढून माझ्यापुढं धरली. नखांचा लाल रंग. तिथं येणारा प्रत्येक जण आधी खूण करतो, मग काम सुरू होतं, हा तिथला रिवाजच आहे.

मला ते लागलं. मी बाटली परत सारली. "प्रल्हाद, मले बी? अरे, मी तुह्यावर कदी संशय घेतला का?"

"नाही घेतला साहेब," तो म्हणाला. बाटली तशीच पुढं धरलेली. "पन लावा. जो खूण करते त्याचं मले काही वाटत नाही. जो करत नाही नं, त्याचंच मले आता भेव वाटते."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मी बाटलीचं झाकण उघडलं, आणि माझ्या सगळ्यात भरवशाच्या माणसासमोर खाली वाकून माझ्याच गाडीच्या पॅडला, मागच्या पत्र्यावर, लाल खूण केली.

"आता ठीक," प्रल्हाद म्हणाला, आणि त्यानं पाना उचलला.